ठळक अक्षराची आतली जागा

महाराष्ट्रात दुकानावरच्या पाटीसाठी कायदा आहे. २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात मार्च २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी लिपीत, मराठीत नाव लावणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या कोणत्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नये, हेही त्यात आले. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर मुंबईच्या आसपासच्या शहरांत पाट्या भराभर बदलल्या. मीरा-भाईंदरमध्येही बदलल्या. मीरारोडच्या शांतीनगरातून किंवा भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून चालताना आज देवनागरी, रोमन आणि मधूनमधून गुजराती अशा तीन लिप्या एका ओळीत वाचता येतात. २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक माणसे नोंदवलेले हे शहर देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्यांनी भरले आहे, आणि त्यांच्या लिप्या दारावर शेजारधर्म पाळत उभ्या आहेत.

या पाट्या नीट पाहिल्या की एक गोष्ट खटकते. मराठी नाव इंग्रजी नावाइतकेच उंच आहे, टेप लावून मोजले तर कायद्यात बसते, तरीही दुरून इंग्रजी नाव आधी दिसते. याला कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. पाटीवरचे इंग्रजी बहुधा मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत असते. ‘मेडिकल’ हा शब्द रोमन कॅपिटलांत लिहिला तर प्रत्येक अक्षर ओळीची पूर्ण उंची भरून काढते. तोच शब्द देवनागरीत लिहिला की वर मात्रा आणि वेलांटी यांना जागा द्यावी लागते. ‘ज्वेलर्स’ लिहिला तर मात्रा आणि रफार वर बसतात. एखाद्या शब्दात उकार आला की खालीही मोकळी जागा सोडावी लागते. वरपासून खालपर्यंतची उंची सारखी धरली, तर अक्षराच्या मूळ देहाला त्यातला मधला भागच मिळतो. त्या लहान देहाच्या रेघा साहजिकच बारीक होतात. कायद्याने उंची मोजली. डोळा मात्र शाईचे वजन मोजतो.

म्हणून ठळक अक्षराचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. मला इथे म्हणायचे आहे ते ठळक अक्षर आजच्या सरळसोट, एकसारख्या जाडीच्या रेघांचे नव्हे. जुन्या वळणाचे, लेखणीची आठवण ठेवणारे, जाड-बारीक रेघांचे, तरीही भारदस्त असे ते अक्षर. रोमन लिपीत त्याला ठळक सेरिफ म्हणतात. देवनागरीत त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि त्याचे घर मुंबईत आहे.

सेरिफ म्हणजे काय, हे पाहायला भाईंदरकरांना लांब जावे लागत नाही. पूल ओलांडून खाडीपलीकडे गेले की वसईचा किल्ला आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला, त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. किल्ल्यातल्या पडक्या फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत त्या काळच्या माणसांची थडगी आहेत आणि थडग्यांच्या शिळांवर रोमन कॅपिटल अक्षरे कोरलेली आहेत. पावसाने आणि पावलांनी ती झिजली आहेत. तरीही उभ्या रेघेच्या टोकाशी फुटलेली लहानशी आडवी पायरी, म्हणजे सेरिफ, या परंपरेची खूण आहे. तिचे मूळ रोमपर्यंत जाते. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाखाली इसवी सन ११३च्या सुमारास कोरलेला लेख हा या वळणाचा आदर्श मानला जातो. ही पायरी छिन्नीमुळे आली असे पुष्कळ काळ समजत. एडवर्ड कॅटिच या अमेरिकी पाद्र्याने १९६८मध्ये वेगळे मत मांडले. रोमन कारागीर आधी चपट्या कुंचल्याने दगडावर अक्षर रंगवत आणि मग त्यावरून छिन्नी चालवत. कुंचला रेघ सुरू करताना आणि संपवताना वळतो, त्या वळण्यातून सेरिफ जन्मले, असे ते मत. कॅटिच स्वतः शिकागोत पाट्या रंगवायचे काम करून आलेला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाताची हालचाल त्याला ओळखता आली, कारण तीच हालचाल त्याच्या मनगटात होती.

या अक्षरांना जाडी मात्र पुष्कळ उशिरा आली. गुटेनबर्गनंतरची साडेतीन शतके युरोपातल्या पुस्तकांत आजच्या अर्थाने ठळक टाइप नव्हता. जोर द्यायचा तर तिरके अक्षर वापरत, मोठे अक्षर वापरत किंवा तांबडी शाई लावत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लॉटरीच्या आणि मालाच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या आणि त्या गर्दीत उठून दिसण्यासाठी रॉबर्ट थॉर्नसारख्या ओतकामवाल्यांनी पुस्तकी अक्षराच्या जाड रेघा आणखी फुगवल्या, बारीक रेघा तशाच केसासारख्या ठेवल्या. हे टाइप भिंतीसाठी होते, पानासाठी नव्हते. पानासाठीचा ठळक टाइप १८४५मध्ये आला. रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीसाठी बेंजामिन फॉक्सने कोरलेला तो ‘क्लॅरेंडन’. त्याचे सेरिफ जाड आणि रेघेत मुरलेले होते. साध्या मजकुरात एखादा शब्द वेगळा उठावा, विशेषतः कोशातला नोंदीचा शब्द चटकन सापडावा, हे त्याचे काम होते. नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली, तीन वर्षांचे संरक्षण मिळाले, आणि मुदत संपताच इतरांनी त्याच्या नकला काढल्या. म्हणजे रोमन लिपीतल्या ठळक अक्षराला दोन वडील आहेत: बाजार आणि शब्दकोश. एकाला ओरडायचे होते, दुसऱ्याला वाट दाखवायची होती. ठळक अक्षराच्या स्वभावातला हा दुहेरीपणा अजून गेलेला नाही.

आपल्याकडे जोर देण्याची रीत पोथीत आधीच तयार होती. टीकेसह लिहिलेल्या पोथीत पानाच्या मधोमध मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत असे, आणि वर-खाली टीका बारीक अक्षरांत. या रचनेला त्रिपाठ म्हणत. श्लोकाच्या शेवटावर, अध्यायाच्या समाप्तीवर गेरूचा हात फिरवत, महत्त्वाचे शब्द तांबड्या शाईने लिहीत, चुकले तर हरताळ लावत. अक्षराची जाडी इथे दर्जा सांगत होती. मूळ वचन कोणते आणि त्यावरचे भाष्य कोणते, हे वाचणाऱ्याला अक्षराच्या वजनावरूनच कळत होते. युरोपात ठळक अक्षराला बाजाराने जन्म दिला. आपल्याकडे त्याची जागा मूळ आणि टीका यांच्या नात्याने आधीच आखून ठेवली होती.

ही जागा धातूत भरण्याचे काम मुंबईत झाले. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे टाइप, याआधीही पडले होते. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५मध्ये श्रीरामपूरला छापले गेले ते तिथल्याच खिळ्यांनी, आणि तिथल्या कारागिरांत पंचानन कर्मकार हे नाव आदराने घेतले जाते. पण मराठी डोळ्याला आवडेल असे वळण मुंबईतच घडले. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे पंच, म्हणजे खिळ्यांचे मूळ पोलादी ठसे, कोरले. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे स्वतःचे खिळे पाडले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासण्याच्या कामावर लागलेले जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या फाउंड्रीतले पंच कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. पण देशभर संस्कृत आणि मराठी वाचणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्या हातचे अक्षर वाचले आहे.

निर्णयसागरचे अक्षर मुळातच भरीव आहे. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी १८८६पासून संपादित केलेल्या काव्यमालेचा एखादा भाग उघडून पाहावा. सटीक ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या, काळ्याभोर अक्षरांत उभा आहे, खाली टीका लहान अक्षरांत. त्रिपाठ पोथीची शिस्त शिशात उतरली आहे. त्या काळ्या अक्षरात ताठा नाही. रेघ वळताना हळूहळू बारीक होते, गाठ भरदार असते, शिरोरेषा उभ्या दांड्याला घट्ट धरून ठेवते, पण तिच्यावर मात करत नाही. लेखणीने लिहिलेल्या अक्षराचा ओलावा त्यात टिकला आहे.

हा ओलावा कशातून येतो ते समजून घेतले पाहिजे, कारण ठळक अक्षराचे सगळे मर्म तिथे आहे. रोमन लिपी लिहिणाऱ्याची लेखणी ज्या तिरकसात कागदावर टेकते, त्याच्या उलट तिरकसात देवनागरीच्या बोरूचे टोक कापलेले असते. त्यामुळे रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड आणि उलटी बारीक पडते. देवनागरीत डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारी तिरपी रेघ जाड पडते. बोरूचे टोक तिरपे असल्याने आडवी शिरोरेषा आणि उभा दांडा, दोन्ही जवळपास सारख्या जाडीचे होतात. रोमन ‘ओ’च्या पोटात वजन दोन्ही कुशींना साठते, देवनागरी ‘व’च्या पोटात ते वेगळ्याच कोपऱ्यात बसते. रोमन अक्षर पायाच्या रेघेवर सेरिफ टेकवून उभे राहते. देवनागरीत टेकायला पायाची रेघ नाही; अक्षर शिरोरेषेला धरून खाली येते. म्हणून रोमन सेरिफ घेऊन देवनागरीला चिकटवणे हा उपाय कधीच साधला नाही. ज्यांनी दांड्याच्या खालच्या टोकाला रोमन पायऱ्या लावून पाहिल्या, त्यांची अक्षरे परक्या वेषात आलेल्या पाहुण्यासारखी दिसली. देवनागरीचा परंपरेचा ठसा सेरिफमध्ये नसून रेघेच्या चढ-उतारात आहे.

आता अशा अक्षराला जाड करायचे म्हणजे काय करायचे? सोपा हिशेब असा वाटतो की रेघेला दोन्ही बाजूंनी थोडी थोडी शाई वाढवावी. तसे केले की अनर्थ होतो. ‘भ’, ‘म’, ‘न’ यांच्या गाठी बुजतात. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका लहान वळणात आणि शिरोरेषेच्या तुटीत आहे. तो फरक भरून जातो. ‘ख’मधला ‘र’ आणि ‘व’ एकमेकांत शिरतात. ‘क्ष’ काळा डाग बनतो. शिरोरेषा जाड झाली की मात्रेला आणि वेलांटीला वर ढकलते, आणि ‘र्कें’सारख्या जागी रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांच्या अंगावर पडतात. रोमनच्या सव्वीस अक्षरांत जो प्रश्न मोजक्या ठिकाणी येतो, तो देवनागरीत शेकडो जोडाक्षरांत पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो.

चांगला पंच कोरणारा हे काम उलट बाजूने करायचा. तो आधी पोकळ्या ठरवायचा. पोलादाच्या तुकड्यावर अक्षराच्या आतली जागा खोदून काढायची, आणि मग बाहेरची कड घासत आणायची. आतली जागा किती हवी, हे ठरल्यावर भोवतालची जाडी आपोआप ठरते. जाडी वाढवायची तर अक्षर थोडे रुंद करायचे, गाठ थोडी बाहेर आणायची, बारीक रेघ बारीकच ठेवायची, शिरोरेषा दांड्यापेक्षा किंचित हलकी ठेवायची. प्रत्येक आकारासाठी हे वेगळे करावे लागे, कारण लहान अक्षरात पोकळी तुलनेने मोठी ठेवली नाही तर खरखरीत कागदावर शाई पसरून ती बंद होते. ठळक अक्षराचा जोर शाईत दिसतो, पण तो टिकतो आतल्या पांढऱ्या जागेमुळे. ज्या अक्षराच्या आत जागा उरलेली नाही, ते मोठे असले तरी दुरून वाचता येत नाही.

शिशाच्या काळात आणखी एक शहाणपण परिस्थितीनेच लादलेले होते. देवनागरीत एका आकाराचा एक संच म्हणजे शेकडो वेगवेगळे खिळे. जोडाक्षरे धरली तर आणखी जास्त. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या गरजेतून खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न केले, सावरकरांनी लिपिसुधारणेत स्वरांची चिन्हे ‘अ’च्या आधाराने लिहिण्याचा आग्रह धरला. दोघांनाही छापखान्याच्या या ओझ्याची जाणीव होती. ठळक टाइपचा वेगळा संच विकत घ्यायचा म्हणजे हे सगळे ओझे दुसऱ्यांदा घ्यायचे. त्यामुळे लहान छापखान्यात ठळक खिळे मोजक्याच आकारांत असत आणि ते जपून वापरले जात. पानावर एखादाच शब्द काळा होई. वाचणाऱ्याला त्या काळेपणाचा अर्थ कळे.

कोशात हा अर्थ सगळ्यात स्वच्छ दिसतो. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशात देवनागरी नोंद आणि रोमन स्पष्टीकरण यांच्या लिप्याच वेगळ्या असल्याने नोंद आपोआप उठून दिसते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या खंडांत, नोंद आणि अर्थ दोन्ही देवनागरी; तिथे नोंदीला ठळक अक्षराची गरज पडते. स्तंभामागून स्तंभ भरलेल्या बारीक मजकुरात काळ्या शब्दांची एक उभी वाट तयार होते, आणि बोट त्या वाटेने चालते. शब्दाला तिथे मान मिळतो, पण तो मान वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. ठळक अक्षराचा हा मला सगळ्यात उदात्त वाटणारा उपयोग आहे. याच जातीचे आणखी उपयोग आहेत: पंचांगातले सणांचे दिवस, शाळेच्या पुस्तकातली व्याख्या, औषधाच्या वेष्टनावरची सूचना, न्यायालयाच्या जाहीर नोटिशीतले पक्षकारांचे नाव, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावरचे गावाचे नाव. प्रत्येक ठिकाणी जाड अक्षर कोणाला तरी वाट दाखवते.

दुसऱ्या घराण्याचा, म्हणजे बाजाराचा, उपयोगही हलका नाही. मराठी रंगभूमीच्या वर्तमानपत्री जाहिराती घ्या. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) अनेक दशके नाटकांची नावे हाताने रेखाटली. ‘मत्स्यगंधा’ हे नाव त्यांच्या अक्षरांत ज्यांनी पाहिले, त्यांना त्याची वळणे आठवतात. एका स्तंभाच्या लहानशा चौकटीत, चहूबाजूंनी दुसऱ्या जाहिरातींच्या गर्दीत, एका नावाने संध्याकाळच्या प्रयोगाला माणूस बोलवायचा, हे अवघड काम. शेडगे यांची अक्षरे जाड असली तरी कुठेही गुदमरत नाहीत. नाटकाचा भाव त्यांच्या वळणात येतो आणि अक्षर पहिल्या नजरेत वाचताही येते. आज मीरारोडच्या भारतरत्न लता मंगेशकर नाट्यगृहात मराठी नाटके होतात, त्यांच्या जाहिराती आपण मोबाइलवर पाहतो. नाव रेखाटण्याची ती परंपरा या पडद्यावरही जगावी असे वाटते.

बाजाराच्या उपयोगाला बिघडवले ते जाडीच्या स्वस्ताईने. संगणकावर कोणतेही अक्षर एका कळीने ठळक होते. ज्या टंकाची ठळक आवृत्ती कोणी रेखाटलेलीच नसते, तिथे संगणक रेघेच्या कडा सगळीकडे सारख्या फुगवतो. म्हणजे वर सांगितलेला सोपा आणि चुकीचा हिशेब तो यांत्रिकपणे करतो. गाठी बुजतात, ‘ध’चा ‘घ’ होतो. त्यावर फ्लेक्स छापणारा आणखी पांढरी कड, पिवळी कड आणि सावली चढवतो, आणि जागा भरण्यासाठी अक्षर आडवे ताणतो. मग उभे दांडे रुंद होतात आणि शिरोरेषा चपटी राहते. बोरूने कधीच काढली नसती अशी उलटी जाडी तयार होते. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर सगळीच नावे काळी, सगळीच मोठी. एवढ्या सगळ्यांना सारखाच जोर दिला की कोणालाच जोर मिळत नाही. काळेपणाचा अर्थ त्याच्या दुर्मीळपणात होता आणि तो आपण उधळून टाकला.

यात निराश होण्याचे मात्र कारण नाही, कारण चांगले काम करणारी माणसे इथेच, या महानगरात आहेत. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखनाची शिस्त संगणकात आणली. त्यांचे ‘मंगल’ विंडोजबरोबर घराघरांत गेले. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ हे टंक हलक्यापासून अतिठळकपर्यंत सात वजनांत स्वतंत्रपणे रेखाटले. त्यांचेच ‘मोदक’ तर जाडीची शेवटची हद्द आहे: अक्षरे गोल गरगरीत, आतल्या पोकळ्या एका पातळ फटीएवढ्या उरलेल्या, आणि तरीही प्रत्येक अक्षर ओळखू येते, कारण फट कुठे ठेवायची हे विचार करून ठरवले आहे. पोकळी किती लहान करता येते याचा हा प्रयोग पोकळीचे महत्त्वच सिद्ध करतो. जुन्या वळणाच्या बाजूला ‘तिरो देवनागरी मराठी’ आहे. त्याच्या रेघांत शिशाच्या काळातला चढ-उतार आहे. पण ते साध्या आणि तिरक्या अशा दोनच रूपांत मिळते. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ उपलब्ध करून दिली, हेही मोठे काम. मजकुराची गरज त्यांनी ओळखली. पाटीसाठी, मथळ्यासाठी, दुरून वाचण्यासाठी, परंपरागत वळणाचे आणि मनापासून ठळक रेखाटलेले मराठी अक्षर सर्वांना मोफत मिळावे, ही गरज अजून उभी आहे.

मी ‘मराठी अक्षर’ म्हणतो ते जाणूनबुजून. मीरा-भाईंदरसारख्या शहरात मराठी आणि हिंदी एकाच लिपीत शेजारी-शेजारी लिहिल्या जातात, आणि त्यांच्यातला फरक लिपीच्या पातळीवर काही मोजक्या अक्षरांत उरतो. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची रूपे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने वर्णमाला प्रमाणित करताना तीच स्वीकारली. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला पापणीसारखा अर्धा ‘र’ ही आणखी एक मराठी खूण. पाटी बनवणारा मात्र संगणकात जे टंक आधी सापडेल ते वापरतो, आणि त्यात बहुतेक वेळा दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ असतो. लहान मजकुरात हे खपून जाते. ठळक पाटीवर ते लपत नाही, कारण ठळक अक्षर आपल्या रूपाची जाहीर साक्ष देते. ‘शांतीनगर’ आणि ‘लक्ष्मी’ ही नावे या शहरातल्या पाट्यांवर पदोपदी भेटतात. ती मराठी रूपात लिहिली तर कोणत्याही भाषकाला वाचायला अडत नाही, आणि मराठी वाचणाऱ्याला आपली भाषा आपल्या वळणात भेटते. कोणावर आवाज न चढवता भाषेचे अस्तित्व नोंदवण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही.

म्हणून कायद्याच्या उंचीच्या मोजमापाला वजनाच्या समजेची जोड हवी. त्यासाठी नवे कलम लागणार नाही. २८ फेब्रुवारी २००२ रोजी स्थापन झालेली इथली महानगरपालिका रस्त्यांच्या नावांचे फलक लावते, शाळा चालवते, उद्यानांवर आणि दवाखान्यांवर नावे लिहिते. या सगळ्यांसाठी एक नीट रेखाटलेले, जुन्या वळणाचे, मराठी रूपांचे ठळक अक्षर निवडले, आणि पाटी बनवणाऱ्यांना ते मोफत दिले, तर शहराच्या पाट्यांचा दर्जा काही वर्षांत बदलू शकतो. सोबत साधे नियम सांगता येतील: अक्षर ताणू नये; यंत्राने फुगवलेली जाडी वापरू नये; मराठी नाव इंग्रजीशेजारी लिहिताना मात्रांसहित उंचीऐवजी शिरोरेषेपासून पायापर्यंतचा देह इंग्रजी कॅपिटलाच्या बरोबरीचा धरावा. या शेवटच्या एका गोष्टीनेच मराठी नाव दुरून इंग्रजीइतके स्पष्ट दिसू लागेल.

ठळक अक्षर घेणारा लोकांचे लक्ष मागतो. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, त्या काळ्या रेघेकडे क्षणभर पाहतो. हा क्षण त्याच्याकडून घेतलेला असतो. ज्याने तो घेतला, त्याने बदल्यात काही द्यायला हवे: नाव स्पष्ट वाचता यावे, अर्थ पोहोचावा, डोळ्याला त्रास होऊ नये. निर्णयसागरच्या कारागिरांनी मूळ श्लोक काळा केला तो वाचणाऱ्याने आधी मूळ वाचावे म्हणून. कोशकारांनी नोंद काळी केली ती शोधणाऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून. जोर आणि जबाबदारी त्यांच्या लेखी एकच होती. भाषेचेही असेच आहे. मराठीला या शहरात वजन हवे, आणि ते तिचा हक्कही आहे. पण आत जागा ठेवून जड झालेले अक्षरच वाचले जाते, हे ज्यांनी पोलादावर पंच कोरले त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. पाटीवर, पानावर आणि सार्वजनिक बोलण्यात आपण ठळक व्हायचे ठरवू, तेव्हा आधी ती आतली जागा आखून घ्यावी. बाहेरची जाडी तिच्या मापाने वाढवावी.